आतून ऐकू न येणारी घंटा

"बाई, वायरमनला मी आत टाकलाय," फोनवर फौजदार म्हणाला. "कालपासून एकच घोकतोय, बाईंना बोलवा. येता का?"

सकाळचे आठ वाजले होते. बाईंनी गॅस बंद केला, चष्मा शोधला आणि वीस मिनिटांत चौकीत हजर झाल्या.

बाई म्हणजे शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी अर्धं गाव त्यांना अजून बाईच म्हणत होतं. फौजदार आणि वायरमन दोघेही त्यांचे विद्यार्थी, तेही एकाच बाकावरचे. विज्ञानात फौजदाराला छत्तीस मार्क पडले होते, वायरमनला एकतीस. पाच मार्कांच्या फरकाने एक खुर्चीवर बसला होता आणि दुसरा गजाआड. नापास झालेल्या त्या पोराला "तुझे हात चांगले आहेत, वायरिंग शीक" असं सांगणाऱ्या बाईच होत्या. आता त्याच हातांमुळे एक माणूस मरायला टेकला, असं फौजदाराचं म्हणणं होतं.

"झालं काय ते सरळ सांग," बाई म्हणाल्या.

फौजदाराने सांगितलं. औषधांच्या गोदामात एक कोल्ड रूम आहे. आत शून्याखाली वीस अंश. काल संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिथला स्टोअरकीपर आत गेला आणि मागे दार लागलं. दार फक्त बाहेरून उघडतं. आतून उघडायचा दांडा महिनाभर मोडलेला. म्हणून तर सोमवारी वायरमनकडून घंटा बसवून घेतली होती. बटण आत, घंटा पार दुसऱ्या टोकाला ऑफिसात. कुणी कोंडला गेला तर दाबायचं, ऑफिसातून माणूस येऊन दार उघडणार. पाच ते सात ऑफिसात चार माणसं बसली होती. घंटा वाजली नाही. सात वाजता वॉचमनने दार उघडलं, तेव्हा स्टोअरकीपर बटणाखाली बेशुद्ध पडला होता.

"आता कसा आहे?"

"हॉस्पिटलात. डॉक्टर काही बोलायला तयार नाहीत. हाताची बोटं काळीनिळी पडलीत. गेला तर कलम बदलेल."

"आणि वायरमनने काय केलं?"

"साडेसातला मी स्वतः दिवा लावून आत गेलो आणि घंटा दाबून पाहिली. ऑफिसात खणखणीत वाजली. मग आधी दोन तास का वाजली नाही? माझ्या आधी वायरमन तिथे पोचला होता. शिडीवर उभा, वायरच्या पेटीचा एक स्क्रू हातात. गोदामाचे मालक म्हणतात, यानेच घंटेची वायर काढून ठेवली होती आणि आता गुपचूप जोडत होता. त्यात मंगळवारी स्टोअरकीपरशी याचं भांडण झालेलं. 'तुला एकदा आत कोंडतो, मग कळेल माझ्या घंटेची किंमत,' असं दहा जणांत बोलला."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला," बाई पुटपुटल्या.

"आज तीनला त्याला कोर्टात उभं करायचंय. पेटीला मी सील ठोकलंय. विद्युत निरीक्षक सोमवारी येणार."

कोठडी आठ फूट लांब, सहा फूट रुंद. वायरमन भिंतीला पाठ लावून बसला होता. बाईंना पाहून तो उठायला गेला, पण पाय अवघडल्याने परत खाली बसला.

"रडून झालं असेल तर त्या खोलीची वायरिंग सांग," बाई म्हणाल्या.

त्याने पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि फरशीवर रेघा ओढल्या.

"एका एमसीबीवर चार गोष्टी आहेत बाई. पंखा, दाराच्या चौकटीतला हीटर, दिवा आणि घंटा. चारही समांतर जोडलेल्या."

"समांतर म्हणजे काय ते फौजदाराला सांग. तो त्या दिवशी शाळेला दांडी मारून गेला होता."

फौजदार कानामागे खाजवू लागला.

"एका टाकीला चार नळ," वायरमन म्हणाला. "एक बंद केला तरी बाकीचे तीन वाहतात. एकसर जोडणी म्हणजे एकाच नळीवर एकामागे एक दोन चाव्या. पहिली बंद केली की पुढे थेंब नाही. एमसीबी म्हणजे टाकीचीच मुख्य चावी. ती पडली की चारही कोरडे."

"घंटेची वायर कुठून घेतलीस?"

"दिव्याच्या स्विचच्या आधी. सोमवारी शिडीवरून सगळ्यांना समजावून सांगितलं मी. मालक, गोदामातले मामा, वॉचमनकाका, तिघे खाली उभे होते. म्हटलं, बघा, घंटेचा नळ वेगळा काढतोय."

"चौकटीत हीटर कशाला?" फौजदाराने विचारलं.

"दाराचं रबर बर्फाने चिकटू नये म्हणून. मागच्या महिन्यात तो जळला होता. तासाभरात दार असं चिकटलं की तिघांनी उकळतं पाणी ओतून, पहारीने हिसडून उघडलं. आतला दांडा तेव्हाच मोडला."

"आणि काल पेटी का उघडत होतास?"

"माझी घंटा वाजली नाही म्हणाले. बघायला नको? एक स्क्रू काढला, तेवढ्यात हा आला."

बाई जरा वेळ त्या ओल्या रेघांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "खरं सांग. तू काही केलंयस?"

वायरमनने मान वर केली. "तुम्ही विचारताय?" एवढंच तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

बाईंना लाज वाटली, पण शंकाही गेली नाही. हात चांगले असलेली माणसं रागाच्या भरात काय करतात हे त्यांनी आयुष्यात पाहिलं होतं.

जीपमध्ये त्या फौजदाराला म्हणाल्या, "मला ती घंटा अंधारात दाबून बघायचीय. मी आत जाईन आणि त्या तिघांनाही नेईन. तू बाहेर थांब. बारा मिनिटं झाली की काहीही होवो, दार उघड. हे त्यांना कळता कामा नये."

"बारा," फौजदार म्हणाला.

"विसरू नकोस."

"आता काय मी शाळेत आहे का, बाई?"

गोदामाच्या मागच्या बाजूला एक अरुंद बोळ होता. दोन्हीकडे पत्र्याच्या पांढऱ्या भिंती आणि टोकाला कोल्ड रूमचं दार. दार वीतभर जाड, त्याला हातभर लांब मूठ. शेजारी दिव्याचा स्विच, वर सील ठोकलेली पेटी. स्विचखाली पाटी होती: 'बाहेर पडताना दिवा बंद करा. हुकुमावरून.'

हुकूम देणारे मालक समोरच उभे होते, घामेजलेले आणि चिडलेले.

"काल पाच ते सात तुम्ही कुठे होता?" बाईंनी विचारलं.

"ऑफिसात. साडेपाचला इकडे एक चक्कर मारली होती."

"दिव्याचा स्विच चालू होता?"

"चालू दिसला असेल तर बंद केला असेन. चालताना हात आपोआप जातो. इथल्या सगळ्यांनाच मी ती सवय लावलीय." बोलता बोलता मालकांचा आवाज खाली आला. काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. "पण घंटा होती ना? दिव्याशी तिचा काय संबंध? मला उगाच गोवू नका. त्या वायरमनला विचारा."

तेवढ्यात मामा बाईंसाठी जाड कोट घेऊन आले. मामा म्हणजे मालकांच्या बायकोचे भाऊ. मालकांची पोरं मामा म्हणायची, म्हणून सगळं गोदामच मामा म्हणायचं. गोड बोलणारा माणूस. पॅकिंग आणि मशिनं त्यांच्याकडे.

"बाई, त्या पोराला सोडवा," मामा म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला फाशी नको. अहो, इथे चोरच नाही. काल पावणेसातला मी पॅनेलपाशी गेलो तर कोल्ड रूमची एमसीबी पडलेली. मी वर केली. म्हणजे पाचपासून आत वीजच नसणार. घंटा वाजणार कशी? काम कच्चं असेल त्याचं, पण मुद्दाम नाही केलं. दंडावर सुटेल."

बाईंना ऐकून एकदम हलकं वाटलं. फार हलकं वाटलं, म्हणूनच त्या सावध झाल्या.

"एमसीबी पडलेली आणखी कुणी पाहिली?"

"मी एकटाच होतो. तेव्हा काय कल्पना, पुढे असं होईल."

वॉचमन साठीच्या पुढचा, वाळक्या अंगाचा माणूस होता. तो बाईंच्या समोर वर्गात उभं राहिल्यासारखा उभा राहिला.

"काका, तुम्ही दार कसं उघडलंत?"

"सातला फेरी मारत होतो. स्टोअरकीपरची सायकल तिथेच. म्हटलं, हा गेला कुठे? इथे आलो. स्विच बंद होता. आधी दिवा लावला, मग दार ओढलं."

"जोर लागला?"

"कसला जोर बाई? एका हिसक्यात उघडलं. समोर हा पडलेला."

"स्टोअरकीपरचं कुणाशी वाकडं होतं?"

"सरळ माणूस हो. आठवडाभर गप्प गप्प होता तेवढं खरं. म्हणायचा, काही खोक्यांच्या तळाशी बर्फाचे गोळे झालेत, औषध वितळून परत गोठलंय. आज तपासणीचे साहेब येणार होते, त्यांना दाखवणार होता."

"तुम्हाला माहीत होतं हे?" बाईंनी मालकांना विचारलं.

"होतं. मीच म्हटलं, दाखव. माल खराब असेल तर फेकून देऊ. पण वितळेलच कसा? पंधरा दिवसांपूर्वी रात्रभर वीज नव्हती हे खरं, पण जनरेटर लावला होता. मामा त्यासाठीच थांबले होते."

मामांनी मान हलवली.

बाई दारापाशी गेल्या. चौकटीला हात लावला. ती कोमट लागली.

"फौजदार," त्या मोठ्याने म्हणाल्या, "मी या तिघांना घेऊन आत जाते. तू दार लाव, दिवा बंद कर आणि ऑफिसात जाऊन घंटेपाशी बस. घंटा वाजली की ये. वाजेपर्यंत यायचं नाही."

"हा काय पोरखेळ?" मालक म्हणाले.

"अंधारात ते बटण सापडतं का, ते पाहायचंय. स्टोअरकीपरने बटण दाबलंच नसेल तर वायरमनचा काय दोष?"

"मी कशाला पाहिजे त्यात?" मामा म्हणाले. "मला दम्याचा त्रास आहे."

"मला गुडघ्यांचा आहे," बाई म्हणाल्या. "घंटा चांगली आहे, फौजदाराने कालच वाजवून पाहिलीय. दोन मिनिटांत बाहेर येऊ."

फौजदाराने तिघांकडे एक एक करून पाहिलं. "आत येता की चौकीत येता?" त्याने विचारलं. तिघांनी कोट चढवले. मोबाइल टेबलावर ठेवले. नाहीतरी आत रेंज नसायची.

आत दोन्ही बाजूंना खोक्यांच्या रांगा होत्या आणि मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. छताला पंखा घरघरत होता. दाराशेजारी छातीच्या उंचीवर घंटेचं लाल बटण. त्याच्याभोवती बर्फाच्या भुकटीवर बोटांचे फराटे उठले होते. ते कालचे होते. चौघांनीही ते पाहिले.

दार लागलं. आवाज मोठा नव्हता, कपाट लागावं तेवढाच. मग दिवा गेला.

असा अंधार बाईंनी कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले हेही कळेना. पंखा मात्र चालूच होता. थंडी आधी नाकात शिरली, मग दातांत.

"काका, तुम्ही दाराजवळ आहात. बटण शोधा," बाई म्हणाल्या.

भिंतीवर हात घासल्याचा आवाज आला. "सापडलं. दाबलं बघा."

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"परत दाबा."

"दाबतोय बाई. बोट उचललेलंच नाही."

"ऑफिस केवढं लांब आहे?" बाईंनी विचारलं.

"पन्नास पावलं," मालक म्हणाले. "एव्हाना यायला हवा होता. झोपला की काय तो? पोलीस म्हणजे कुठेही टेकले की झोपणार. दाब रे अजून."

वॉचमन दाबत राहिला. मालक दारावर मुठी आपटू लागले. त्या जाड दारावर मुठीचा आवाज गादीवर मारल्यासारखा येत होता. बाई मनात सेकंद मोजत होत्या. तीनशेनंतर त्यांचा आकडा चुकला. कोटाच्या बाहीतून थंडी कोपरापर्यंत चढली होती.

"हलकट माणूस," मालक ओरडले. "घंटा कानाशी वाजतेय आणि ढिम्म बसलाय. दाब, दाब, सोडू नकोस."

"बहुतेक चहा प्यायला गेले असतील," वॉचमन रडवेल्या आवाजात म्हणाला. "ऐकू जाईल हो. आज ना उद्या ऐकू जाईल."

बारा मिनिटं उलटून गेली असणार. बाईंना आता खरोखरची भीती वाटू लागली. छत्तीस मार्कांच्या पोरावर आपण चार जीव टाकले, असं त्यांच्या मनात आलं. पायाची बोटं जाणवेनाशी झाली होती. काल एक माणूस इथे दोन तास होता, एकटा, हा विचार त्यांना सहन होईना.

मामा अजून एक शब्द बोलले नव्हते. त्यांचा श्वास मात्र मोठ्याने येत होता. आता त्यांनी वॉचमनला बाजूला ढकललं. दार दोन्ही हातांनी खरवडू लागले.

"दिवा," मामा म्हणाले. "दिवा लावायला सांगा त्याला. कुणीतरी सांगा, दिवा लाव."

"अंधाराची भीती वाटते का मामा?" बाईंनी विचारलं.

"अहो, तो दिवा लावेपर्यंत इथेच मरू आपण."

"का बरं? घंटा दाबतोय ना आपण."

"दाबून काय उपयोग? ती दिव्याशि..."

मामा थांबले. मालकांच्या मुठीही थांबल्या.

"बोला," बाई म्हणाल्या. "दिव्याशिवाय काय?"

बाई पाठीने खोक्यांना टेकल्या. अंधारात हाताच्या अंतरावर तो माणूस आहे, दार बंद आहे आणि उघडणारा कधी येईल ठाऊक नाही, हे त्यांना फार स्पष्ट जाणवलं. मग अंधारातून मालकांचा आवाज आला. तो आता चिडलेला नव्हता.

"मामा, तुम्हाला काय माहीत ती वाजली नाही म्हणून?"

दार उघडलं. उजेड डोळ्यांत घुसला. दारात फौजदार उभा होता, चेहरा पडलेला.

"वीस मिनिटं झाली," बाई कशाबशा म्हणाल्या.

"घंटेकडे बघत बसलो, घड्याळाकडे बघायचं राहिलं. बाई, ती वाजलीच नाही."

बाईंनी त्याला तिथल्या तिथे कान धरून उभं केलं असतं, पण बोटं वळत नव्हती.

ऑफिसात सगळे हीटरभोवती बसले. बाईंनी दोन्ही हातांनी चहाचा कप धरला होता. मामा दाराजवळच्या खुर्चीत होते आणि दारात हवालदार.

"अंधाराला घाबरून माणूस दिवा मागणारच," मामा म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा गोड झाला होता. "त्यावरून काय सिद्ध होतं?"

"क्रमाने सांगते," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, पाच ते पावणेसात एमसीबी पडलेली होती. एमसीबी पडली की चारही गोष्टी बंद. पंखा, दिवा, घंटा आणि चौकटीतला हीटर. मागच्या महिन्यात हीटर तासभर बंद होता, तर दार तिघांना ऐकेना. काल पावणेदोन तास बंद असता, तर काकांच्या एका हिसक्यात उघडलं असतं का? पुढच्या पंधरा मिनिटांत तेवढा बर्फ वितळत नाही. म्हणजे हीटर चालू होता. म्हणजे एमसीबी पडलीच नव्हती. तुम्ही खोटं बोललात, आणि वायरमनची दया आल्यासारखं दाखवून बोललात."

मालकांनी मामांकडे पाहिलं. मामा कपाकडे बघत होते.

"आता वीज होती, तर घंटा का वाजली नाही? फौजदाराने वाजवली तेव्हा वाजली. का? तो दिवा लावून आत गेला होता. अंधारात कोण कशाला तपासायला जाईल? आज दिवा बंद ठेवून काकांनी वीस मिनिटं बटण दाबलं, तर हू की चू नाही. पंखा मात्र फिरत होता. याचा अर्थ एकच. घंटेचा नळ आता वेगळा नाही. ती दिव्याच्या स्विचच्या पलीकडे गेलीय, एकाच नळीवर दुसरी चावी. स्विच बंद, की घंटा मेली. कितीही तपासा, दिवा लावून तपासलीत तर ती चांगलीच वाजणार. डोकं लावलंत, हे मी मान्य करते."

"पण मग ते वायरमननेच केलं असेल," मालक म्हणाले. "नाहीतर काकांनी. नाहीतर मी."

"तेच तर मला कळत नव्हतं. म्हणून तुम्हाला आत नेलं." बाईंनी कप खाली ठेवला. "घंटा इथे ऑफिसात आहे. आत तिचा आवाज येत नाही. बटण दाबणाऱ्याला ती वाजली की नाही हे कळायचा मार्गच नाही. बाहेरून कुणी आलं नाही, तर माणूस काय समजेल? तुम्ही फौजदाराला शिव्या दिल्यात. काकांना वाटलं, तो चहाला गेला. दोघांनाही खात्री होती की घंटा वाजतेय. ती वाजत नाहीये हे आत एकालाच ठाऊक होतं. आणि ती कशाने वाजेल, हेही."

"सोमवारी शिडी कुणी धरली होती?" फौजदाराने विचारलं.

"मामांनी," वॉचमन म्हणाला. एवढंच बोलून त्याने मान खाली घातली.

फौजदाराने विद्युत निरीक्षकांना फोन लावला. हकीकत ऐकून ते सोमवारची वाट न बघता तासाभरात आले. पंचांसमोर सील तोडलं. पेटीत वायरमनचे सगळे जोड चिनी मातीच्या कनेक्टरमध्ये नीट कसलेले होते. एकच जोड वेगळा होता. घंटेची वायर तिच्या जागेवरून काढून दिव्याच्या स्विचपलीकडच्या वायरला पिळलेली, आणि वर खोकी बंद करायची तपकिरी चिकटपट्टी गुंडाळलेली. पॅकिंगची.

मामा ते पाहून खाली बसले. जमिनीवरच.

"त्या रात्री मी जनरेटर लावला नाही," ते म्हणाले. "घरी जाऊन झोपलो. ताईला कळलं असतं तर तिने तोंड पाहिलं नसतं माझं. तपासणी तेवढी टळायला हवी होती. त्याला नुसतं घाबरवायचं होतं."

"घाबरवायला आधीपासून वायर बदलून ठेवावी लागत नाही," बाई म्हणाल्या. त्यांना त्या माणसाचा फार राग आला होता. ते औषध कुणाच्या पोटात जाणार होतं, हेही त्यांना विचारायचं होतं.

"दार लावून दिवा बंद केलात. मग?" फौजदाराने विचारलं.

"मग इथे येऊन बसलो. या खुर्चीत. सात वाजेपर्यंत."

तीनला कोर्टात मामा उभे राहिले. वायरमनची कोठडी फौजदाराने स्वतः उघडली. तो कुलूप हातात घेऊन उभा राहिला.

"घंटा तू नीट जोडली होतीस," बाई म्हणाल्या. "मला मात्र सकाळी शंका आली होती. ती यायला नको होती. चुकलं माझं."

वायरमन उठून बाहेर आला. मग म्हणाला, "तो कसा आहे?"

"शुद्धीवर आलाय."

"मला तिकडे न्या."

स्टोअरकीपर खिडकीजवळच्या खाटेवर पडून होता. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत मोठाले गुंडाळलेले. उजव्या हाताची दोन बोटं जातील, असं डॉक्टरांनी बायकोला सांगितलं होतं. त्याच बोटांनी त्याने बटण दाबलं होतं. बायको उशाशी बसली होती. वायरमनला पाहून ती उठली आणि आडवी उभी राहिली.

"येऊ दे त्याला," स्टोअरकीपर म्हणाला.

वायरमन खाटेपाशी गेला. भांडणाबद्दल काही म्हणायचं ठरवून आला असणार, पण ते राहिलंच.

"घंटा वाजली नाही रे काल," तो म्हणाला. "एकदाही नाही. मामांनी वायर बदलली होती. ऑफिसात कुणालाच काही ऐकू आलं नाही."

स्टोअरकीपर त्याच्याकडे बघत राहिला. "वाजलीच नाही?"

"नाही."

"नक्की?"

"आईशप्पथ."

स्टोअरकीपरने डोळे मिटले आणि त्याला रडू कोसळलं. बायकोने घाबरून त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"मला वाटलं, वाजतेय," तो म्हणाला. "दोन तास मला वाटत होतं, सगळ्यांना ऐकू जातंय आणि कुणीच येत नाहीये."